कोणासारखी होती

३ मे १९७७, मंगळवार. सकाळी आठ वाजता मी सिरिंजा उकळत ठेवल्या होत्या. शिरूरच्या आमच्या दवाखान्यात काचेच्या सात सिरिंजा होत्या, त्यातल्या एकीचा टवका उडालेला. पाणी खळखळायला लागलं की घड्याळात वीस मिनिटं मोजायची, मग चिमट्यानं एकेक काढून ट्रेमध्ये लावायची. मोठ्या डावीकडे, लहान उजवीकडे. दुसऱ्या कुणी लावल्या तर मी पुन्हा लावत असे.

"बाई, सिरिंजांची शाळा भरवताय व्हय?" कंपाउंडर म्हणायचे. "प्रार्थना कवा म्हन्त्यात ह्या?"

तेवढ्यात पोस्टमननं कार्ड आणून दिलं. दौंडहून, माझ्या मुलीचं. पावणेदोन वर्षांत पहिलं. "सातवा चालू आहे. एक विचारायचं आहे. पत्रात नको, येऊन जा." वर 'प्रिय आईस' नव्हतं. खाली सही नव्हती. अक्षर तिचं होतं, एवढंच.

मी वीस मिनिटं पूर्ण होऊ दिली, सिरिंजा लावल्या, मग रजेचा अर्ज लिहिला.

ती पावणेदोन वर्षं का गेली ते आधी सांगते. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. त्यातून मी नर्स. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, शिरूर तालुक्यात वीस वर्षं बाळंतपणं केलेली. नवरा लवकर गेला, ही एकुलती एक. मुलीला दुसरीकडे पाठवायचा प्रश्नच नव्हता. पंच्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये ती माझ्याच घरी, माझ्याच हाताखाली बाळंत झाली. मुलगी झाली. मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते. मी पंचवीस मिनिटं प्रयत्न केले. मग थांबले.

मुलगी म्हणत होती, "दाखव. आई, दाखव मला."

मी म्हणाले, "बघायचं नसतं. पडून राहा."

हे मी तिलाच म्हणाले असं नाही. अशा वेळी मी प्रत्येकीला हेच म्हणत आले होते. शिकताना आम्हाला तेच शिकवलं होतं. मी बाळाला पुसलं, वजन केलं, गुंडाळलं आणि बाहेर जावयाच्या हातात दिलं. संध्याकाळच्या आत पुरून झालं. मूल जिवंत जन्मलं नव्हतं, त्यामुळे बाप्तिस्मा नाही, नाव नाही. पाळकसाहेबांनी कुंपणाजवळची जागा दाखवली. तिसऱ्या दिवशी मुलीला पान्हा आला. मी तिची छाती फडक्यानं घट्ट बांधली आणि न्हावऱ्याला एक अडलेली बाई होती, तिच्याकडे गेले. रात्री परत आले तर मुलीनं भिंतीकडे तोंड केलं होतं. सव्वा महिना राहायचं ठरलेलं, ती दहाव्या दिवशी दौंडला गेली. जाताना एकच वाक्य बोलली: "तू एकदा तरी मला जवळ घ्यायला हवं होतंस."

ते खरं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत मला एक शब्द मिळाला. केंदूरची एक पाच वर्षांची मुलगी होती, बोलत नसे, दिवसभर डब्याचं झाकण फिरवत बसे. तिला आणि तिच्या आईला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला सोबत म्हणून मी गेले. डॉक्टर विचारत होत्या आणि त्या आईला उत्तरं सुचत नव्हती. म्हणून मीच सांगत गेले. भाजी भाकरीला लागली की ती जेवण सोडते. कोऱ्या कापडाला ती रडते, कारण ते टोचतं. तिला हाका मारू नका, हाक कानात दगडासारखी पडते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, ती तर बोलत नाही. तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"मला होतं तसं," मी म्हणाले.

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. मी सगळं सांगितलं. देवळात हार्मोनियम सुरू झालं की मी लहानपणी कानात बोटं घालायची आणि मार खायची. नाताळला उपासनेनंतर बाया एकमेकींच्या गळ्यात पडतात, तेव्हा मी चहाच्या कपांकडे जाते. माणसं मी चालीवरून, बांगड्यांवरून, खोकल्यावरून ओळखते. वीस वर्षांतल्या बाळंतपणांची वजनं मला पाठ आहेत, पण त्यातली बाई बाजारात समोर आली तर मी तिला ओळख देत नाही, आणि तालुक्यात मला शिष्ट म्हणतात.

डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर शब्द लिहिला. ऑटिझम. म्हणाल्या, या मुलीला हे आहे, आणि तुमच्यातही याच जातीचं काही असावं.

"हा मुलांचा आजार ना?"

"मुलं मोठी होतातच की, सिस्टर," त्या म्हणाल्या.

ती चिठ्ठी मी गुंडाळून थर्मामीटरच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी पिशवीत. खोटं कशाला सांगू, मला फार हलकं वाटलं. सेहेचाळीस वर्षं मी दगड होते. आता मला नाव होतं. आणि लगेच दुसरा विचार आला की हे मुलीला सांगितलं पाहिजे. सांगितलं की तिला कळेल. पण बोलावल्याशिवाय जायचं कसं? तीन महिने मी डबी घेऊन हिंडले.

त्या तीन महिन्यांत शंका आली नाही असं नाही. ओलं, चिकट, नुकतं जन्मलेलं मूल हातात घेताना मला कधी काही टोचलं नाही. कामाचा हात मला चालतो. बिनकामाचा चालत नाही. हा आजार झाला की सोय? डॉक्टर दीड तास भेटल्या होत्या. त्यांनी माझं काम पाहिलं नव्हतं, माझं घर पाहिलं नव्हतं. पण अशी शंका आली की मी डबी उघडून अक्षर बघायची आणि पुन्हा बंद करायची.

तर ते कार्ड आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारची एसटी धरली. भीमा ओलांडेपर्यंत मी वाक्यं जुळवत होते.

दौंडला रेल्वेच्या चाळीत मुलीचं घर. दारात विहीणबाई तांदूळ निवडत होत्या.

"या, डाक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "आधी हात धुवायला पानी ठिवू, का सूनबाईला तपासून मग?"

"पाणी प्यायला चालेल," मी म्हणाले.

"प्या की. हितं पानी बगायला मना न्हाई कुनाला." मग सूप उचलून त्या शेजारच्या ओट्यावर गेल्या. जाताना मागं वळून म्हणाल्या, "तिला रडवू नगा म्हंजी झालं. लई दिसांनी जेवाया लागलीय."

जावई लोको शेडला ड्यूटीवर होते. मुलगी पाटावर भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजले होते. मी सवयीनं घोट्यावर अंगठा दाबायला वाकले आणि तिनं पाय मागं घेतला.

"ते इथली सिस्टर बघते," ती म्हणाली. "या वेळी इथंच होणार आहे. रेल्वेच्या दवाखान्यात."

"बरं," मी म्हणाले. ते मूल पुढे सुखरूप झालं. मी तिथे नव्हते.

मग मी डबी काढली. खरं तर तिनं विचारायचं होतं, तिनं बोलावलं होतं. पण मी जुळवलेली वाक्यं आधी म्हणून टाकली. चिठ्ठी तिच्या हातात दिली, शब्दाचा अर्थ सांगितला, केंदूरची मुलगी, हार्मोनियम, सगळं. म्हणाले, मी तुला जवळ घेतलं नाही ते म्हणून. जमत नाही मला ते. जन्मापासून.

तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. "गेल्या दिवाळीत दौंड स्टेशनवर तू माझ्या समोरून गेलीस," ती म्हणाली. "दोन हातांवरून. मी हिरवी साडी नेसले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढे गेलीस. मला वाटलं, मुद्दाम."

"मला कळलंच नाही तू आहेस ते. तू बोलली नाहीस."

"मी बोलायचं होतं?" ती जरा हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. चिठ्ठी तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "असेल. खरंही असेल. पण आई, मी कारण विचारायला बोलावलं नव्हतं. कारणाचं मी काय करू? हे येईल आता." तिनं पोटावर हात ठेवला. "लोक म्हणतील, नाक बापाचं, हनुवटी आजीची. मला तेव्हा पहिलीचं काहीच आठवणार नाही, कारण मी ती पाहिलीच नाही. तू पाहिलीस. सांग मला. कशी होती?"

हे मला येत होतं. मी सांगायला लागले. वजन पाच पौंड दहा औंस. लांबी एकोणीस इंच. केस काळे, दाट, मानेपर्यंत आलेले. नखं वाढलेली, बोटांच्या पुढे. डाव्या टाचेवर मसुराएवढा तांबडा डाग. उजवी मूठ मिटलेली, डावी उघडी. कातडी स्वच्छ. मुलीनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ माझ्यामागून हलत होते, पाठ करावं तसे. इतका वेळ ती माझं बोलणं ऐकतेय, असं कधी झालं नव्हतं. मी टाचेचा डाग पुन्हा एकदा सांगितला.

"आणि तोंड?" ती म्हणाली. "कोणासारखी होती?"

मी मांडीवरची चिठ्ठी पुन्हा गुंडाळायला लागले.

"आई."

"तोंडं मला कळत नाहीत," मी म्हणाले. "आत्ताच सांगितलं ना."

हे उत्तर पुरलं असतं. तिनं मानही हलवली होती. पण ते खरं आहे का, मला माहीत नव्हतं. आम्ही शिकत होतो तेव्हा थोरल्या सिस्टर सांगायच्या, गेलेल्या बाळाचं आधी तोंड झाकायचं, मग बाकीचं. तोंड बघितलंत तर उद्या कामाला उभ्या राहणार नाही. मी ते पहिल्या दिवसापासून पाळलं. टाच बघितली, नखं बघितली. तोंड नाही. पंचवीस मिनिटं श्वास फुंकत होते तेव्हाही माझी नजर छातीवर होती, हलते का ते बघत. मला दिसत नाही म्हणून नाही. मी बघितलं नाही म्हणून. की मला दिसत नव्हतंच, म्हणून तो नियम मला इतका सोपा गेला? पुण्याच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

"मी कापड आधी टाकलं होतं," मी म्हणाले. "तोंडावर. पुसायच्याही आधी. मी बघितलंच नाही."

तिनं डोळे उघडले.

"आणि यांच्या हातात दिलीस ती?"

"बांधून दिली. वरपर्यंत."

तिला जोडायला थोडा वेळ लागला. मग ती हळू म्हणाली, "म्हणजे तिला कोणीच बघितलं नाही."

ती ओरडली नाही, रडली नाही. दोन्ही हात पोटाखाली धरून बसून राहिली, जशा बाया कळ येईपर्यंत बसतात. मला उठून तिच्याजवळ जायला हवं होतं. हे मला तेव्हा कळलं. अगदी स्वच्छ कळलं, आणि तरी मी उठले नाही. चिठ्ठीवरच्या शब्दामुळे उठले नाही की माझ्यामुळे, हे मी आजही सांगू शकत नाही. दिवेलागणीला विहीणबाई आल्या, आमच्याकडे बघितलं आणि चूल पेटवली. जेवताना मला भात वाढून म्हणाल्या, "खा. उपाशी बसून कुनाचं पोर परत आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठले. मुलगी खिडकीखाली कुशीवर झोपली होती. चांगलं उजाडेपर्यंत मी थांबले. मग पाट ओढून तिच्या समोर बसले, डबीतली चिठ्ठी काढली, कोऱ्या बाजूवर केसपेपरवर लिहितात तसं वरून खाली लिहीत गेले. कपाळ रुंद, मधोमध एक आडवी रेघ. डावी भुवई टोकाला तुटलेली. नाक सरळ, शेंडा थोडा बसका. वरचा ओठ पातळ, खालचा नाही. हनुवटीत खळी, दाबल्यासारखी. ती चोवीस वर्षांची होती आणि ती खळी मी पहिल्यांदा बघत होते. तिच्या पापण्या एकदा हलल्या. ती जागी होती की झोपेत, मला कळलं नाही. मी लिहिणं पुरं केलं, चिठ्ठी डबीत घातली, विहीणबाईंना येते म्हणाले आणि सात वीसची एसटी धरली. साडेदहाला शिरूरच्या दवाखान्यात सिरिंजा उकळत ठेवल्या.