देव पहुडलेला, मी मात्र उभी

डॉक्टर रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधून पारा चढवत होते, आणि मी मनातल्या मनात मारुतीशी भांडत होते. माझ्या वडिलांचं केलंस तेच माझं करणार का रे बाबा? वडिलांना लकवा झाला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. अंग गेलं आणि वाचाही गेली. पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात ज्यांची हाक दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, ते माझं नाव घ्यायला तोंड उघडत आणि नुसता घरघर आवाज निघे. मी शाळेत शिकवते. माझी वाचा गेली तर माझ्याजवळ उरतं काय?

डॉक्टर आमच्या गावचेच, समजावण्याची त्यांना हौस. म्हणाले, "बाई, बागेतल्या इंजिनाच्या पाइपावर कोणी पाय देऊन उभं राहिलं तर पाणी कसं जोर मारते? तुमची चिंता तशीच उभी आहे. नसा आवळून राहिल्या. रोज आवळल्या तर कडक होतील. गोळी चुकवू नका, अन् चिंता कमी करा."

चिंता कमी करा! ऐंशीच्या दशकातली ती वर्षं माझ्यासाठी कठीणच होती. यजमानांची बदली बालाघाटला, सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू, बोरगावच्या संत्र्याच्या बागेवरून दिरांशी अबोला, आणि मुलीचं लग्न जमत नव्हतं. खरं सांगायचं तर ते जमलं असतं तरी मोडेल का म्हणून मी काळजी केलीच असती. स्वभावाला औषध नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

मग मी नवस बोलले. दर शनिवारी निर्जळी उपास करायचा, बसने सौसरच्या रस्त्यावरच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून अनवाणी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचं. निर्जळी म्हटल्यावर गोळी कशी गिळणार? मनात असंही आलं की गोळी घेतली तर देवावर भरवसा नाही असं व्हायचं. त्यामुळे शनिवारी गोळी बंद. डॉक्टरांना हे सांगितलं नाही. भक्तीतसुद्धा मी कंबर कसूनच उतरले होते, परीक्षेला बसल्यासारखी.

एका शनिवारी ऊन फार होतं. रांगेत डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारच्या बाईला "जरा धरा हो" म्हणायला गेले तर जीभ जड झाली. वडिलांचा चेहरा समोर आला. संपलं सगळं, असं वाटलं.

कुणीतरी मागून बखोटीला धरलं आणि पिंपळाच्या सावलीत बसवलं. नऊवारीतली एक म्हातारी होती, मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने तांब्या तोंडाला लावला. मी मान वळवून पुटपुटले, "मावशी, निर्जळी आहे माझा."

"कोणी सांगतलं वं तुले?" ती म्हणाली. मग बोट गाभाऱ्याकडे केलं. "तो पाह्य, डोंगर उचलणारा देव इथं आडवा होऊन राहिला. अन् तू काय उचलून राहिली वं माय? पी पाणी!"

जामसांवलीचा मारुती पहुडलेला आहे हे मला लहानपणापासून ठाऊक. किती वेळा हात जोडले असतील! पण त्या दिवशी प्रथमच मी त्याला नीट पाहिलं. पाणी प्याले. पिशवीत तशीच पडलेली गोळी तिच्यासमोरच घेतली आणि मग खूप रडले. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. जीभ हळूहळू हलकी झाली, तेव्हा विचारलं, "तुम्ही कशासाठी आल्या, मावशी?"

"पोरगा नागपूरच्या दवाखान्यात हाय," ती शांतपणे म्हणाली. "डॉक्टर करून राहिले, त्याहिच्यानं होते तेवढं. बाकीचं याच्याजवळ ठेवून जातो मी. मले तं उचलत नाही." आणि तिथेच पदर डोक्याखाली घेऊन ती आडवी झाली, डोळाही लागला तिचा.

कुणीतरी मला टांग्यापर्यंत सोडलं. पुढच्या शनिवारी मी तिला शोधलं, पण ती दिसली नाही. पुढेही कधी भेटली नाही. तिला मारुतीनेच पाठवलं असं मी म्हणत नाही. पण ती नसती तर काय झालं असतं, तेही मला सांगता येत नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. रागावले, तपासलं, गोळी बदलून दिली. काळजीची सवय एकदम गेली नाही, पण आता ती चढायला लागली की मी पाच-दहा मिनिटं आडवी होते आणि माझ्याने उचलत नाही ते मारुतीकडे देते. पारा हळूहळू खाली आला. वर्गात माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्याबद्दल त्याचे उपकार मानते.

जामसांवलीला अजून जाते, पाणी पिऊन, चपला घालून. स्वतःसाठी मागायचं आता फारसं सुचत नाही. त्या दिवशी माझ्या रडण्यात मावशीच्या मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं. म्हणून हात जोडून एवढंच म्हणते, "त्या मावशीच्या पोराला बरं ठेव." कोणाचा पोरगा, ते त्याला माहीत आहे.