फक्कीच्या घरातलं वळण

बाकडं जिन्याच्या पायथ्याशी अडकलं, तेव्हा त्यावर रूथसिस्टर आडव्या झालेल्या होत्या. अडकलं म्हणजे भिंतीला नव्हे. भिंत अजून बांधायची होती. जमिनीवर नुसती पांढऱ्या फक्कीची रेघ होती, आणि बाकडं धरलेले चौघे ती ओलांडायला तयार नव्हते.

"मॅडम, वळत न्हाई," भिंगारदिवे रिक्षावाले म्हणाले.

मी आर्किटेक्ट. जुन्या नगरातल्या बुचाच्या कंपाउंडचं रीडेव्हलपमेंट माझ्याकडे होतं. एका चौकाभोवती बैठ्या खोल्या आणि मधे बुचाचं उंच झाड. ख्रिस्ती घरं जास्त, काही बौद्ध. नळ चौकात, भांडणं चौकात, नाताळच्या करंज्या चौकात. आणि कुणी गेलं की निरोपही चौकातच. बुचाखाली स्टुलांवर शवपेटी ठेवायची, प्रार्थना व्हायची, सगळी गल्ली लोटायची. बौद्ध घरातलं माणूस गेलं तर वंदना त्याच झाडाखाली.

आजूबाजूचं गाव मात्र बदलत चाललं होतं. समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानात कॅफे आला होता. पुण्याची मंडळी सुट्टीला येऊन तिथल्या जुन्या कडीकोयंड्याचे फोटो काढायची. जागेला भाव आला, तसा बिल्डरही आला. संजयशेठ माणूस सरळ, पण हिशेबाला पक्का. खोलीवाल्यांना प्रत्येकी फ्लॅट, वरच्या मजल्यांवर सेल फ्लॅट, म्हणजे तो बाजारात विकणार ते.

प्लॅन मी केला होता आणि तो नियमात चोख बसत होता. खाली स्टिल्ट, म्हणजे नुसते खांब आणि त्यांच्यात पार्किंग. रस्त्याला दोन दुकानं. मोकळी जागा चारी बाजूंच्या मार्जिनमध्ये. मार्जिन म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये सोडावी लागणारी पट्टी. चारी पट्ट्यांची बेरीज केली की जुन्या चौकाइतकी भरायची. मीटिंगमध्ये मी तसं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

खोल्या पडल्या. लोक भाड्याच्या घरांत गेले. मग लाइनआउटचा दिवस आला. लाइनआउट म्हणजे कागदावरची इमारत खऱ्या मापात जमिनीवर आखणं. दोरी ताणायची, कोपरे तपासायचे आणि दोरीखाली फक्की सोडायची. थंडीची सकाळ होती. कंपाउंडची मंडळी आपलं नवं घर बघायला आली; त्यांच्यासाठी वरच्या फ्लॅटच्या खोल्याही मी तिथंच जमिनीवर आखून घेतल्या होत्या. झाड तोडायची परवानगी हातात आली होती, पण बुचाला त्याचा पत्ता नव्हता. तो नुसता बहरला होता. लांब देठांची पांढरी फुलं गिरक्या घेत फक्कीवर उतरत होती. वासानं डोकं हलकं झालं होतं, आणि काही वेळ मला रेघ कुठली नि फुलं कुठली ते कळेना.

मग एक नवल झालं. लोक रेघा ओलांडेनात. कुणी तसं सांगितलं नव्हतं. बायका दाराच्या मापाच्या फटीतून आत जायच्या आणि तिथूनच बाहेर यायच्या. एकीनं तर उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. एक काका लिफ्टच्या चौकोनात उभे राहून वर बघत होते. भिंगारदिव्यांनी आपल्या जुन्या मोरीची जागा हुडकून काढली आणि तिथं आता कुणाची तरी गाडी उभी राहणार म्हणून हळहळले. मी इतकी वर्षं रेघा ओढते आहे, पण बांधायच्या आधीच घरात माणसं वावरताना कधी पाहिली नव्हती. मला फार सुख वाटलं. झोपेत चालल्यासारखी मी त्यांच्यामागून या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहिले.

त्या तंद्रीतून रूथसिस्टरनी जागं केलं. त्या निवृत्त नर्स. अर्धं कंपाउंड त्यांच्या हातावर जन्मलेलं. हृदय थकलं होतं, आणि डॉक्टरांनी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं.

"माझी पेटी कुठं ठेवणार?" त्यांनी सरळच विचारलं.

मी त्यांना मार्जिन दाखवलं. त्या पट्टीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे इतर उभे राहिले, एकामागे एक. दोघं शेजारी उभे राहिले तर पेटीला जागा उरत नव्हती.

"म्हणजे प्रार्थना रेशनच्या रांगेत," त्या म्हणाल्या. "बरं, दुसऱ्या मजल्यावरून इथवर आणणार कशी?"

जिन्यानं, मग पॅसेजमधून, मी म्हटलं. सोपं आहे, करूनच बघू. टपरीवरून चहाचं बाकडं आणवलं. चौघांनी ते उचललं तर सिस्टरनी थांबवलं. रिकामं बाकडं कुणीही नेईल, म्हणाल्या, आणि पदर सावरून आडव्या झाल्या. बायकांनी अभद्र, अभद्र म्हणून गलका केला.

"इतक्यांना मी शेवटचं तयार करून पाठवलंय," त्या म्हणाल्या. "माझी एक रंगीत तालीम होऊ द्या."

बाकडं निघालं. आधी सगळे हसत होते. मग हळूहळू कुणीच हसेना. सिस्टर आभाळाकडे बघत होत्या. पातळावर फुलं पडत होती, ती त्यांनी झटकली नाहीत. एका नसलेल्या घराच्या नसलेल्या जिन्यावरून त्या खाली आल्या, आणि लिफ्टची भिंत नि मीटररूम यांच्यामधल्या वळणावर बाकडं थांबलं. पुढे होईना, मागे होईना.

रेघच आहे, पाय टाका, असं कुणीतरी म्हणालं.

"आज रेघ हाय," भिंगारदिवे म्हणाले. "उद्या भिताड असंल."

"मग मला उभी करून नेणार का?" बाकड्यावरून सिस्टरचा आवाज आला.

फाटकात फोनवर बोलणाऱ्या संजयशेठनी फोन खिशात टाकला. मी त्यांना बाजूला घेतलं. चौक मधे एकसंध ठेवू, इमारत त्याच्या तीन बाजूंनी फिरवू, जिना रुंद करू, झाड राहील. मात्र रस्त्याकडचं एक दुकान जाईल आणि रिवाइज्ड प्लॅन मंजूर होईपर्यंत काम थांबेल. शेठचं तोंड कडू झालं.

"मॅडम, एका पेटीसाठी दुकान सोडू?"

"एका नाही, शेठ. तुमचे सेल फ्लॅटवालेही कधीतरी खाली येणारच."

शेठ बाकड्याकडे बघत राहिले. चौघांनी ते अजून खाली ठेवलं नव्हतं, ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"आधी त्यांना उतरवा," ते म्हणाले. आणि त्या उतरल्यावर, "काढा रिवाइज्ड प्लॅन."

त्यांनीही त्याचं सोनं केलं म्हणा. ब्रोशरवर बुचाचा फोटो छापला, खाली लिहिलं 'सेंट्रल कोर्टयार्ड', आणि सेल फ्लॅटचा भाव चढवला.

चौक पूर्वीपेक्षा लहान झाला, पण एका तुकड्यात राहिला. नवी मंडळी राहायला आली आणि तक्रारी सुरू झाल्या. फुलांनी गाड्या घाण होतात, नाताळच्या कॅरल्सचा आवाज होतो. चौकात बसू नये अशी पाटीही लागली. रूथसिस्टर रोज त्या पाटीखालीच खुर्ची टाकून बसायच्या.

गेल्या थंडीत त्या गेल्या. मी गेले तेव्हा पेटी जिन्यावरून उतरत होती. खरं सांगते, मी रडत होते, पण डोळे त्या वळणावरून हलत नव्हते. पेटी वळली. भिंतीला कुठे घासली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि येऊही नये. बुचाखाली स्टुलं मांडलेली होती. वरच्या मजल्यावरची, आवाजाची तक्रार करणारी बाई आपल्या घरच्या खुर्च्या खाली आणून लोकांना देत होती.

हल्ली माझ्या प्रत्येक साइटवर लाइनआउटच्या दिवशी मी एक बाकडं मागवते. कशाला, असं बिल्डर विचारतात. चहा प्यायला, मी सांगते.