सातव्या पायरीवरचा नारळ

गुणाजी परबाचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, पोस्टमनवर नाही, सख्ख्या मेव्हण्यावर तर मुळीच नाही. जन्मजात असा नव्हता हो तो! ब्याऐंशीच्या संपाआधी परळच्या मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा, तेव्हा चारचौघांसारखाच होता. पण "महिन्याभरात मिटतंय बघ" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे खोटे ठरले. तेव्हापासून त्याने मनाशी पक्कं केलं, की समोरचा हसून बोलला म्हणजे काहीतरी गोम आहे.

मिल गेली आणि गुणाजी जुहूच्या एका डिस्कोच्या दारावर चिकटला. रस्त्यावरून सात पायऱ्या उतरलं की दार, म्हणून नाव 'सेव्हन स्टेप्स'. लाल कोट घालायचा, आणि आत कुणाला सोडायचं, कुणाला नाही ते ठरवायचं. संशयी माणसाला याहून झकास नोकरी कुठली? बाकीचे दरवान चेहरा बघतात, हा कापड बघायचा. वीस वर्षं साच्यावर काढलेली. शर्टाकडे नुसती नजर टाकून सांगायचा, इंपोर्टेड की उल्हासनगर.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत काय गर्दी म्हणता! शनिवारी गाड्यांची रांग पार वळणापर्यंत जायची. बापाच्या पैशावर उड्या मारणारी पोरं याला 'गुणाजीशेठ, गुणाजीशेठ' करायची. मग शहाऐंशी उजाडलं आणि पायऱ्यांवरचं कापड बदलायला लागलं. परदेशी साटीन दिसेनासं झालं. सफारी सूटवाले यायचे, आत डोकावून "गाणारी बाई नाही का?" असं विचारायचे आणि परत फिरायचे. अंधेरीला हायवेच्या कडेने ऑर्केस्ट्रा बार निघाले होते. तिथे खुर्चीत बसून गाणं ऐकायचं, अंग मोडून नाचायला नको. लोकांचा शौक बदलला, दुसरं काही नाही. पण गुणाजीला ते पटेना. त्याच्या मते असलं काही आपोआप होत नसतं, कुणीतरी करतं.

हा कुणीतरी त्याला सापडलासुद्धा. तिकीट खिडकीवर बसणारा श्यामसुंदर, मुलुंडचा. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो गोड बोलायचा आणि रोज दुपारी गुणाजीसाठी चहा आणायचा. गुणाजी म्हणायचा, "आधी तू पी." श्यामसुंदर हसून एक घोट घ्यायचा, मगच हा ग्लासाला तोंड लावायचा. चार वर्षं हे असं चाललं होतं, काय बोलणार!

एका सकाळी गुणाजीने बसमधून पाहिलं, तर श्यामसुंदर हायवेवरच्या नव्या बारमधून बाहेर पडत होता. झालं! गुणाजीच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर चार दिवसांनी अमावास्या होती. दुपारी चारला गुणाजी कामावर आला आणि सातव्या पायरीवर त्याचा पाय थबकला. कोपऱ्यात नारळ. कुंकवाने माखलेला, काळा दोरा गुंडाळलेला. कणकवलीकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. करणी! धंदा बुडवायला कुणीतरी करणी केली होती. नारळाला वळसा घालून याने दार लोटलं. आत श्यामसुंदर तिकीट खिडकी पुसत होता आणि त्याची बोटं लाल होती.

"हात कसला रे लाल?"

"पायरीवर कुणीतरी नारळ ठेवलाय ना. पायाखाली येईल म्हणून कोपऱ्यात सरकवला. का रे?"

गुणाजी तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजर चंद्रप्रकाश करणीबिरणी मानणारा नव्हता, नारळाचं ऐकून तो हसलाच. पण हायवेच्या बारचं ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. गिऱ्हाइकं का तुटली, असं विचारत मालक त्याला रोज फैलावर घेत होता, आणि आता दाखवायला एक माणूस मिळाला. पाचच्या आत श्यामसुंदरला घरी पाठवलं. बायकोला सातवा महिना लागलाय, असं तो सांगत होता. ऐकतो कोण! चुगली कुणी केली, ते मात्र चंद्रप्रकाशने त्याला सांगितलं नाही.

पायऱ्या चढताना श्यामसुंदर गुणाजीपाशी थांबला. "जपून राहा रे. इथे कुणीतरी आपल्यावर डूख धरून आहे." गुणाजीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी, गुणाजीने हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. जानकी बांगडे साफ करत बसली होती. डिस्कोच्या मागच्या बंगल्यात ती स्वयंपाकाला जायची, त्यामुळे श्यामसुंदरला ओळखत होती. नारळाचं ऐकलं आणि तिचा हात थांबला.

"अवो, तो नारळ माझो."

"तुझो?"

"भावान गावच्या देवाक गाऱ्हाणा घालून आणलेलो. राखणेचो. तुमचो धंदो चालूंदे म्हणान काल येताना पायरीर ठेवलंय. ज्याच्यासाठी ठेवूचो त्याका सांगूचा नाय, असा भगतान सांगितलेला."

 मग जानकी एकच बोलली, "तेची बायल पोटुशी आसा ओ."

गुणाजीला लाज वाटली. खरंच वाटली, जेवण गेलं नाही त्याला. त्या दिवशी दोनदा तो केबिनच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चूक कबूल केली तर आपलीही नोकरी जाणार, हे दिसत होतं. दोन्ही वेळा परत फिरला. मेल्या, दोन वाक्यं तर बोलायची होती! तिसऱ्यांदा तो गेलाच नाही.

अठ्ठ्याऐंशीत 'सेव्हन स्टेप्स'ला टाळं लागलं. नाचायच्या फरशीवर टांगलेला आरशांचा मोठा गोळा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेला. दोन महिने गुणाजी घरी बसून होता. मग निरोप आला, की हायवेवरच्या बारला दारावर माणूस हवाय. गेला, तर काउंटरवर श्यामसुंदर.

"ये ये! अरे, तेव्हाच मी इथे येऊन आपल्या दोघांचं विचारून ठेवलं होतं. जुहूचं काही खरं नाही, हे दिसतच होतं ना. तुला सांगायच्या आधीच माझी वाट लागली." त्याने हाताला धरून गुणाजीला मालकापुढे उभं केलं. "शेठ, भरवशाचा माणूस आहे. डोळे झाकून ठेवा."

गुणाजी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. याला ठाऊक आहे का? ठाऊक असून बोलतोय? शर्टावरून माणूस ओळखणाऱ्या गुणाजीला हा चेहरा काही केल्या उमगेना, आणि विचारायची सोय नव्हती.

श्यामसुंदर चहा घेऊन आला. सवयीने ग्लास आधी स्वतःच्या तोंडाला लावायला गेला. गुणाजीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि गरमगरम चहा तसाच पिऊन टाकला.