स्पॅनिश शिकायला गेले आणि उपाशी राहिले

"एकटीच जाणार?" हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर द्यायचंच सोडलं. एकटी कुठली? अकरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन बॅगा बरोबर होत्या. पण नवरा बरोबर नसला की बाई एकटी, मग तिच्या दोन्ही हातांना एकेक पोर लटकलेलं का असेना. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानेही तेच विचारलं. मुलांच्या बाबांचं संमतिपत्र, नोटरीच्या शिक्क्यासकट, मी त्याच्यापुढे जवळजवळ आपटलंच.

कोलकात्यात आम्ही आलो ते नवऱ्याच्या बदलीमुळे. तो सरकारी तेल कंपनीत आहे आणि रोज लोकलने बजबजच्या डेपोत जातो. मी पूर्वी पुण्यात आयटीत होते. बदल्या सुरू झाल्या आणि नोकरी सुटली ती सुटलीच. इथे घर लागलं, मुलं शाळेत रमली, एकमेकांशी बंगालीत भांडायला लागली आणि मला दुपार खायला उठायला लागली. एकदा पडद्यांचं कापड घ्यायला एस्प्लनेडला गेले असताना एका जुन्या इमारतीच्या जिन्याशी स्पॅनिशच्या वर्गाची पाटी दिसली. पडदे राहिले बाजूला, मी वर जाऊन नाव घालून आले. स्पॅनिशच का, असं नवऱ्याने विचारलं. जपानीची पाटी असती तर जपानी शिकले असते.

चार वर्षं शिकले. व्याकरणात वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, बोलायची वेळ आली की मात्र दातखीळ बसायची. आमच्या बाई म्हणाल्या, वरच्या पातळीची परीक्षा दे, पास झालीस तर नवशिक्यांची बॅच तुझी. पण त्यात तोंडी परीक्षा आहे, तेव्हा आधी सहा आठवडे स्पेनमध्ये राहून ये. दहा-बारा वर्षांनी कुणीतरी मला काम देऊ करत होतं. त्या दिवशी घरी येताना मेट्रोत मी उगाचच हसत होते.

मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं ठरलं. नवऱ्याला रजा नव्हती, मुलांना मागे ठेवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तीही निघाली. पुढच्या वर्षी बदली ठरलेली, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मात्र एक अट आम्ही दोघांनी मिळून ठेवली होती, मुलांना जमलं नाही तर परत यायचं. तिकीट पहिल्या दहा दिवसांत बदलता येत होतं.

स्पेनमधल्या सालामांका शहरात तिथल्या भाषेच्या शाळेने आमची सोय एका साठीच्या बाईंच्या घरी केली होती. बाई एकट्याच राहायच्या. घर लखलखीत, खिडकीत कुंड्या, बोलणं मात्र तोफखान्यासारखं. सकाळी मी वर्गात जायचे, मुलं त्याच शाळेच्या शिबिरात जायची आणि दुपारी अडीचला आम्ही तिघं जेवायच्या टेबलाशी हजर व्हायचो. पहिल्या दिवशी बाईंनी बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट केलं होतं. मुलांनी पहिला तुकडा दोन मिनिटांत संपवला. बाईंनी विचारलं, अजून? मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मोठे केले. दोघंही शहाण्यासारखी म्हणाली, नको, थँक्यू.

हे मीच शिकवलेलं. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा पुरे म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरून बोटांच्या फटीतून वाढून घ्यायचं. मलाही माझ्या आईने असंच शिकवलं आणि आजवर काही अडलं नाही. कोलकात्यात तर या शिक्षणाला चांगलीच धार आली. आमच्या शेजारच्या माशीमा, म्हणजे मावशी, पाच पाच वेळा विचारतात आणि नको म्हटलं तर संदेश मिठाईचा तुकडा थेट तोंडात कोंबतात. जगभर हीच पद्धत असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. ऑम्लेट स्वयंपाकघरात परत गेलं.

दुसऱ्या दिवशी मसूर होते. तेच झालं. तिसऱ्या दिवशी भात आणि मासे. मासे बघून मुलांचे डोळे चमकले, कोलकात्यात वाढलेली ती. अजून? नको, थँक्यू. भांडं परत आत. चौथ्या दिवसापासून ताटात सुरुवातीलाच कमी यायला लागलं, आणि माझी खात्री पटली की बाई कंजूष आहेत. शाळेकडून आमच्या जेवणाचे पैसे घेतात आणि लेकरांना अर्धपोटी ठेवतात. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे आणून बॅगेत लपवायला लागले. खोलीचं दार लावून आम्ही तिघं चोरासारखी बिस्किटं खायचो. मुलगी धाकट्याला बंगालीत दटावायची, आवाज करू नकोस म्हणून.

वर्गातही माझं काही खरं नव्हतं. शिक्षक विचारायचे, कुणाला काही सांगायचंय? मला सांगायचं असायचं. मी नाही म्हणून मान हलवायचे आणि ते पुढच्याकडे वळायचे. आठवडा गेला तरी मी वर्गात दहा वाक्यंसुद्धा बोलले नव्हते.

नवव्या दिवशी धाकट्याने फोनवर बाबाला सांगितलं, "बाबा, इथे रोज भूक लागतो." त्याचं मराठी असंच आहे, पण त्या दिवशी ते ऐकून कुणी हसलं नाही. नवरा शांतपणे म्हणाला, हट्ट नको करूस, उद्या दहावा दिवस आहे, तिकीट बदलून टाकू. परीक्षा पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आम्ही कुठे असणार, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दहाव्या दिवशी दुपारी टेबलावर छोले आले, प्रत्येकाला जेमतेम एक पळी. धाकट्याने ताट बोटाने पुसून खाल्लं आणि माझं टाळकं सटकलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मनात मराठीत जुळवलेलं लांबलचक भाषण होतं, तोंडातून मात्र स्पॅनिश बाहेर पडलं. माझी मुलं दहा दिवस उपाशी आहेत, तुम्ही त्यांना पोटभर वाढत नाही, लहान मुलांशी असं कुणी वागतं का? क्रियापदांचे सगळे काळ चुकले असतील. पण थांबले नाही, अडखळले नाही.

बाईंनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग त्यांनी फ्रीझरचं दार उघडलं. आत डबेच डबे. ऑम्लेट, मसूर, मासे.

"मी रोज विचारते. तुम्ही तिघं रोज नको म्हणता. मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला आवडत नाही. म्हणून रोज वेगळं केलं, वाया जाऊ नये म्हणून कमी केलं. कचऱ्यात बिस्किटांचे कागद दिसले, त्या दिवशी मी बहिणीपाशी रडले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना समजावायला लागले की आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची रीत असते, नाहीतर माणूस अधाशी दिसतो. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग खरंच पोट भरलं असेल तर काय म्हणता?"

"तेच," मी म्हटलं.

बाई खुर्चीवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. सगळे डबे गरम होऊन टेबलावर आले. मुलं जेवली ते बघण्यासारखं होतं. धाकट्याचे ओठ तेलाने चकाकत होते. मुलगी तिसऱ्यांदा वाढून घेता घेता सहजपणे म्हणाली, "आई, मला पहिल्या दिवशीच हवं होतं. तू डोळे मोठे केलेस ना." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच मला ते जास्त लागलं. मुलीला मी भूक गिळायला शिकवलं होतं आणि त्याला वळण म्हणत होते.

तेवढ्यात फोन वाजला. कोलकात्यात संध्याकाळ झालेली, नवरा सियालदहकडे येणाऱ्या लोकलमध्ये होता, मागे फेरीवाल्यांचा कालवा. मी त्याला घडलेलं सगळं सांगितलं. तोही हसला. मग म्हणाला, "म्हणजे जेवणाचं मिटलं. पण तिकिटाचा आजचा शेवटचा दिवस. राहायचं आहे का तुला, की येतेस?"

आणि मी, इतकं सगळं होऊनही, म्हटलं, "तू म्हणशील तसं. तुझेही तिकडे हालच होतायत. आले तरी चालेल मला."

मुलीने खाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. "बाबा," ती म्हणाली, "तू आईला परत एकदा विचार. ती पहिल्यांदा खरं सांगत नाही." आणि फोन परत माझ्या हातात दिला.

मला पुण्यातलं घर आठवलं, पहिल्या बदलीचं पत्र आलं ती संध्याकाळ. नोकरी सोडायचं वाईट वाटतंय का, असं त्याने मला विचारलं होतं. मी छे म्हटलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही, याचा राग मी बारा वर्षं धरून होते. आमटीत मीठ कमी झालं तरी तो राग कुठूनतरी डोकं वर काढायचा. त्या बिचाऱ्याला मात्र आपला गुन्हा काय, ते आजवर कळलं नव्हतं.

"सांग ना," तो म्हणाला. "खरंच, काय हवंय तुला?"

"मला राहायचंय," मी म्हटलं. "सहाच्या सहा आठवडे. आणि परत आल्यावर मला शिकवायचंय. बदली झाली की तू एकटा पुढे जा. बॅच संपेपर्यंत आम्ही तिघं कोलकात्यातच राहू."