सातवा सरायच्या आत

रूपा खरातला कंपनीत दिवसातून हजारदा एकच प्रश्न विचारावा लागायचा: बसतंय की नाही? शेंद्र्याच्या वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती. समोरच्या पट्ट्यावरून लोखंडी नळकांडी यायची, ती एक-एक उचलून त्यात मापाचं गेज घालायची. बसलं तर नग निळ्या ट्रेमध्ये, नाही बसलं तर लाल. सहा वर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभावही तसाच होतो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आकाश, म्हणजे तिचा नवरा, कौतुकानं म्हणाला होता, "तुझा माझ्यावर लई विश्वास हाय." त्यावर रूपानं सांगून टाकलं, "अजून तपासलं नाय." आकाश तेव्हा हसला होता. त्याला वाटलं थट्टा आहे.

त्यामुळे गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, कामावर असतानाच पोटात आवळायला लागलं, तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती काम करत राहिली, आणि तासाभरानं सुपरवायझरला जाऊन म्हणाली, "पंधरा-पंधरा मिनिटांनी आवळतंय. चार वेळा झालं." सुपरवायझरच जास्त घाबरला. कंपनीच्या गाडीनं तिला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं.

तिथल्या डॉक्टर मनस्विनी वयानं रूपाएवढ्याच होत्या, झोप न झालेल्या आणि घाईत. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "एकोणतीस आठवडे झालेत. पिशवीचं तोंड उघडायला लागलंय. गोळ्या देतोय, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देतोय. पण मुख्य काम तुमचं. पडून राहायचं. चौतीस आठवड्यांपर्यंत जायचंय आपल्याला. पोटातला एक-एक दिवस मोलाचा आहे." रूपाला बरं वाटलं. आकडा दिला की तिला बरं वाटतं. एकोणतीस आणि चौतीस, मधे पाच.

खाट पायथ्याकडून दोन-दोन विटांवर चढवलेली होती. डोकं खाली, पाय वर. पहिले दोन दिवस तिला आपण घसरत चाललोय असंच वाटायचं. डाव्या कुशीवर झोपायचं, उठायचं फक्त मोरीपुरतं, तेही मालनबाईंचा हात धरून. मालनबाई त्या वॉर्डातल्या मावशी. त्यांना सगळ्या बायका खाटांच्या नंबरानं ठाऊक असायच्या. "अकरा नंबर, पाय खाली नको सोडू," एवढंच त्या रूपाशी बोलायच्या, पण ते दिवसातून वीसदा.

भेटायची वेळ चार ते सहा. त्या वेळेला सत्यभामाबाई, म्हणजे रूपाच्या सासूबाई, डबा घेऊन यायच्या. करमाडहून बसनं क्रांती चौक, तिथून शेअर रिक्षानं दवाखाना. साठी उलटलेली, अंगानं वाळलेली बाई. तीन वर्षांत त्यांचं आणि रूपाचं भांडण झालं नव्हतं, आणि गप्पाही झाल्या नव्हत्या. दोघी कमी बोलणाऱ्या. सत्यभामाबाई डबा उघडून द्यायच्या, रूपा कुशीवर पडूनच खायची, मग त्या स्टुलावर बसून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहायच्या. रूपाला वाटायचं, बसच्या वेळा मोजत असतील.

आठव्या दिवशी डब्याबरोबर थर्मास आला.

"चहा हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. झाकण काढता काढता थांबल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "त्यात एरंडेल घातलंय. दोन पळ्या."

"एरंडेल? कशाला?"

"उद्या पुनव. उद्यापून तुला आठवा लागतो. सातव्यातलं लेकरू जगतं, बाई. आठव्यातलं नाय जगत. एरंडेलानं कळा सुटतेत. आज सुटका झाली तर हाती लागंल."

हे रूपानं लहानपणी अजिंठ्याकडे, माहेरीही ऐकलं होतं. आता गंमत बघा. खरातांच्या घरातले देव रूपाच्या आजेसासऱ्यांनीच, धम्म घेतला तेव्हा, पाण्यात सोडले होते. सटवाई नाही, अंगारा नाही, उपास नाही. सासरे कडुबा तर कुणी ताईत बांधलेला दिसला की रस्त्यात थांबवून त्याची शाळा घ्यायचे. पण ही सातव्या-आठव्याची गोष्ट देवांच्या यादीत नव्हती, म्हणून ती कुणी सोडलीच नाही. ती चुलीपाशी बसून राहिली.

रूपा घाबरली. सकाळपासून पोट दोनदा आवळलं होतं. बाळालाच कळत असेल का, सातव्यातच निघावं म्हणून? असा विचार तिच्या मनात आला, आणि तिचा हात थर्मासकडे गेला. हे तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. थर्मास गरम होता. तो हातात आल्यावर मात्र तिची जुनी सवय जागी झाली.

"आत्याबाई, तुम्ही स्वतः पाह्यलंय का? आठव्यातलं, न जगलेलं?"

सत्यभामाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "मपलंच."

म्हणजे त्यांचं स्वतःचं. आकाशची थोरली बहीण हेच त्यांचं पहिलं लेकरू असं रूपाला तीन वर्षं वाटत आलं होतं.

"पहिली पोरगी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आकाशच्या लई आधी. चाळीस वर्षं झाली. घरीच झाली करमाडला. रडली बी चांगली. दोन दिवस होती. तिसरा उजाडला आन् नव्हती."

अशा वेळी नीट बोलणं रूपाला येत नाही. तिनं विचारलं, "वजन किती होतं?" आणि विचारल्यावर जीभ चावली.

पण सत्यभामाबाईंना ते आवडलं असावं. त्या पोरीबद्दल चाळीस वर्षांत कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. "कोण मोजतं? एवढी होती." त्यांनी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत हात दाखवला. "केस लई होते."

"दूध ओढायची?"

"नाय. कापसानं घालायचे. पूस महिना, लई गारठा. गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवली."

"दवाखान्यात नाय नेली?"

"सासू म्हणली, आठव्यातलं हाय, नेऊन काय करता."

रूपा एकदम बोलून गेली. "म्हणजे आठव्यातली म्हणून गेली, का नेली नाय म्हणून गेली, हे कुणी तपासलंच नाय. एका नगावरून सगळा लॉट लाल ट्रेत टाकत नसतेत, आत्याबाई."

सत्यभामाबाईंचा चेहरा बदलला नाही, फक्त हात मांडीवर तसाच, कोपरापर्यंतचं माप धरलेला राहिला. रूपानं थर्मास पुढे केला. "मला उठायचं नाय. तुम्हीच मोरीत ओता." त्यांनी तो घेतला, डबा पिशवीत घातला आणि सहा वाजायला तासभर असताना त्या निघून गेल्या. मोरीकडे वळल्या की नाही, हे खाटेवरून दिसत नव्हतं.

आपण बोललो ते खरं होतं आणि ते बोलायला नको होतं, हे रूपाला त्या गेल्यावर कळलं. चाळीस वर्षं त्या बाईनं लेकरू गेल्याचं खापर महिन्यावर फोडलं होतं. महिन्याला कोण काय करणार? तेवढाही आधार आपण काढून घेतला. रूपा रडली. डोकं खाली असल्यानं पाणी कपाळावरून केसांत गेलं. मालनबाई म्हणाल्या, "अकरा नंबर, रडू नको, पोट आवळतं." ते खरंच होतं, म्हणून तिनं थांबवलं.

दुसऱ्या दिवसापासून आठवा लागला, आणि डबा घेऊन कडुबा यायला लागले.

"आत्याबाई?"

"गुडघे दुखतेत म्हणती," कडुबा म्हणाले आणि भिंतीवरची कुटुंबनियोजनाची पाटी लक्ष देऊन वाचायला लागले. ती पाटी त्यांनी पुढच्या तीन आठवड्यांत तोंडपाठ केली असेल. डब्यात मात्र काही कमी नसायचं. भाकरी मऊ, वरणात तूप, तिखट रूपाला झेपेल एवढंच. डबा करणाऱ्या बाईचे गुडघे नाहीत दुखत, हे रूपाला कळत होतं. कडुबांनाही कळत होतं की तिला कळतंय.

"मामा, घरी सांगा, आजचा एक दिवस झाला," ती पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी, "दोन झाले." कडुबा रोज निरोप न्यायचे. रोज ती विचारायची, काय म्हणाल्या? "काय नाय. भांडे घासू राह्यली होती." कधी "ज्वारी निवडू राह्यली होती." एकदा म्हणाले, "ऐकलं तिनं. पुन्हा सांगा म्हणली." मग पाटीकडे वळले.

आठवा लागल्यापासून बाराव्या दिवशी जोराचं आवळलं, गोळ्या वाढवल्या, थांबलं. डॉक्टर मनस्विनी रोज सकाळी पोटावर हात ठेवून ठोके ऐकायच्या. रूपानं एकदा त्यांना विचारलंच, आठव्यातलं जगत नाही का? डॉक्टर थकलेल्या होत्या, पण नीट बोलल्या. "उलट. सातव्यातल्यापेक्षा आठव्यातलं मोठं असतं, बळकट असतं. आठव्यातल्याला लोक दवाखान्यात नेतच नव्हते, तर जगणार कसं?" आपलं गणित बरोबर निघालं याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच रूपाला झाला नाही.

तेविसाव्या दिवशी दुपारी पाणी गेलं, आणि मग कुणाचंच काही चाललं नाही. चौतीसला चार दिवस कमी. मुलगी. एक किलो आठशे. रडली, चांगली रडली, आणि ते ऐकून रूपाला धस्स झालं, कारण चांगली रडल्याची गोष्ट तिनं आधी ऐकलेली होती. बाळाला लगेच काचेच्या पेटीत नेलं.

आकाश कामावरून पळत आला. त्यानं काचेबाहेरून फोटो काढला, घरी जाऊन आईसमोर फोन धरला. "तिनं पाह्यलाच नाय," तो दुसऱ्या दिवशी रूपाला म्हणाला. त्याला राग आला होता. "म्हणली, नंतर पाह्यते. पोरगी झाली म्हणून असंल का गं?"

"नाय," रूपा म्हणाली. "दोन दिवस थांब."

ते दोन दिवस रूपा खाटेवर टिकली नाही. दर दोन तासांनी बाळाच्या वॉर्डात जायची, वाटीत दूध काढून द्यायची, मग बाहेरच्या बाकावर बसायची. पेटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं: रूपा खरात यांची मुलगी. वजन, वेळ, तारीख. श्वास नीट. दूध पचतंय. ती सगळं विचारायची आणि सगळं ऐकूनही तिची भीती जात नव्हती. गेज बसत होतं, तरी हा नग निळ्या ट्रेत ठेवायला हात धजत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला, भेटायची वेळ नसताना, सत्यभामाबाई बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. वॉचमन मागून "आज्जी, टाइम नहीं है" म्हणत होता. त्या ऐकत नव्हत्या. पहिल्या बसनं आल्या असाव्यात.

"हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हाय," रूपा म्हणाली. "आत्ताच पाहून आले. वजन थोडं उतरलंय, पण तसं पहिल्या दिवसांत होतंच म्हणे. श्वास चांगला हाय. दूध पिली."

सत्यभामाबाई बाकावर बसल्या. मग पिशवीतून दुपट्यांची चळत काढली. पांढऱ्या सुती लुगड्याची दुपटी. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला त्या नेसायच्या ती दोन लुगडी फाडलेली होती. सवयीनं रूपानं एक दुपटं उलटून पाहिलं. टाके बारीक, शिवण बाळाला टोचू नये म्हणून बाहेरच्या अंगाला घेतलेली. तिनं चळत मोजली. तेवीस.

"रोज एक," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुझे मामा येऊन सांगायचे, आजचे इतके झाले. मग बसायची शिवायला."

"आत्याबाई, म्या त्या दिवशी..."

"खरं बोलली तू. मला बी ठाऊक व्हतं. तवापून ठाऊक व्हतं." त्या उठल्या, काचेपाशी गेल्या. आत पेटीत पाय हलत होते. "हिचं नाव ठेव. आजच ठेव."

"बाराव्या दिवशी ठेवू की. आकाशनं फोनात नावं लिहून ठेवलेत."

"बाराव्याची वाट नको पाहू. ती बिनानावाची गेली. चाळीस वर्षं मनातल्या मनात हाक मारायची, तर 'पोरी' म्हणावं लागतं."

रूपा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तुम्ही ठरवलं होतं का काही? तिच्यासाठी?"

सत्यभामाबाई काचेकडे बघतच म्हणाल्या, "सरिता."

जुनं नाव होतं. आकाशच्या यादीत असलं एकही नव्हतं, आणि आजकाल पाळण्यात कुणी ठेवत नाही. रूपानं काहीच तपासलं नाही. दारातल्या सिस्टरकडून पेन घेतलं, आत जाऊन पेटीवरच्या कागदावर, 'रूपा खरात यांची मुलगी' याच्या खाली, मोठ्या अक्षरात सरिता लिहिलं आणि कागद काचेतून दिसेल असा नीट केला.

सत्यभामाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि हाक मारली. हळू नाही, चांगली मोठ्यानं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, इथं आवाज करायचा नाही." त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा हाक मारली.