आम्ही ओळख दाखवत नाही

चार सिस्टर चहाच्या किटलीभोवती बसल्या की किस्से जमायला वेळ लागत नाही. वॉर्डात रोज नवी माणसं येतात, आपापलं दुखणं घेऊन येतात आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातात. अडचण एवढीच, की त्यातले अर्धे किस्से सांगायचे नसतात आणि उरलेल्या अर्ध्यांतली माणसं सांगायची नसतात. मग हातात काय उरतं? आम्ही!

म्हणून हे किस्से बहुतेक आमचेच. नावं बदलली आहेत, गावंही इकडची तिकडे केली आहेत. एक किस्सा घरातला आहे. तो ज्यांचा, त्यांना विचारूनच लिहिलाय. त्या म्हणाल्या, "लिही की. तू लिहून लिहून काय लिहिणार!"

*

माझं ट्रेनिंग जळगावला झालं. आमच्या ट्यूटर अहिरे सिस्टर. नशिराबादच्या, बौद्ध घरातल्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, आवाज कधी चढायचा नाही. पण त्या व्हरांड्यात दिसल्या की आम्ही मुली आपोआप सरळ उभ्या राहायचो. क्लासमध्ये त्या नर्सिंगचा इतिहास शिकवायच्या आणि वॉर्डात येऊन त्यावरच प्रश्न विचारायच्या.

बायकांच्या वॉर्डात भिंतीवर एक तसबीर होती. हातात दिवा घेतलेल्या त्या इंग्रज बाईंची. चोपड्याकडची एक आजी रोज सकाळी तिला हात जोडायची. एक दिवस बघतो तर काचेवर कुंकू!

आजीनं मलाच धरलं. "ही कोनती देवी शे व माय?"

अहिरे सिस्टर मागे उभ्या. म्हणाल्या, "सांगा, इतिहासच आहे तो."

मी सांगितलं. लढाई, जखमी शिपाई, घाणीनं भरलेला दवाखाना. या बाईंनी खिडक्या उघडल्या, चादरी धुवायला लावल्या, आणि रात्री त्या दिवा घेऊन एकेका खाटेपाशी फिरून बघायच्या. आजीनं सगळं नीट ऐकलं.

"तिन्हं लगीन व्हयेल व्हतं का?"

"नाही, आजी."

"मंग बरोबर शे. सासू ऱ्हाती ते अशी दिवा लिसन फिरू देती का!"

अख्खा वॉर्ड हसला. अहिरे सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. "परीक्षेत हे लिहू नका," त्या म्हणाल्या, "पण विसरूही नका."

कुंकू त्यांनी पुसू दिलं नाही. 

*

दुसऱ्या एक आजी मोठ्या घरच्या होत्या. ऑपरेशनसाठी आलेल्या. पाण्याचा तांब्या घरून यायचा, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि जी सिस्टर जवळ येईल तिची आधी चौकशी.

अहिरे सिस्टर गेल्या तेव्हाही तेच. "तू कोन शे?"

"मी सिस्टर, आजी."

"ते माले दिखास. पन कोनती?"

"चार नंबर वॉर्डची."

आजींना काय विचारायचं होतं ते सगळ्यांना कळलं होतं, आणि सिस्टरांना कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. आम्ही मुली चिडलो होतो. एकजण म्हणाली, "सिस्टर, तुम्ही हे ऐकून कसं घेता? त्या आजींचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? त्यांचं ऑपरेशन होणार नाहीये का?"

ऑपरेशन झालं. त्या दिवशी पोटात पाणी द्यायचं नव्हतं, नुसते ओठ ओले करायचे होते. अहिरे सिस्टर ओला कापूस घेऊन खाटेपाशी वाकल्या. आजींना जाग होती. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पाणी लावते ओठांना. मी लावणार, बरं का. चालेल?"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

दोन-तीन दिवसांनी ड्रेसिंगला दुसरी सिस्टर गेली, तर आजींनी अंगावरची चादर घट्ट धरून ठेवली. "तू नको! मन्ही चार नंबरवालीले बलावा!"

पुढच्या तासाला इतिहासच होता. अहिरे सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकात नर्सिंग परदेशात सुरू होतं. आपल्याकडे सुरुवातीला या कामाला कोण आलं? मिशनमध्ये वाढलेल्या मुली. टाकलेल्या, विधवा बायका. आणि आमच्यासारख्या, ज्यांच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं. चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या फार उशिरा आल्या. हे पुस्तकात एका ओळीत आहे. तुम्ही दोन ओळींत लिहा."

आणि फळा पुसायला वळल्या.

*

ट्रेनिंगमध्ये शपथेचा कार्यक्रम असतो. हातात पेटता दिवा, डोक्यावर नवी टोपी, समोर आई-वडील. आम्ही शपथ पाढ्यांसारखी पाठ केली होती. आदल्या दिवशी तालमीत अहिरे सिस्टरांनी विचारलं, "यात सगळ्यात अवघड काय वाटतं?"

कुणी म्हणालं, निःस्वार्थ सेवा. कुणी म्हणालं, गरीब-श्रीमंत भेद न करणं. माझ्या शेजारची नलिनी म्हणाली, "दिवा न विझवता शेवटपर्यंत उभं राहणं."

"सेवा होते हो," सिस्टर म्हणाल्या. "पगार मिळतो, सवय लागते, होते. पेशंटचं जे कळलं ते पोटात ठेवणं, हे अवघड. आणि तुम्ही सगळ्या खानदेशात नोकऱ्या करणार. इथं कोण कुणाचं सोयरं नाही?"

मग त्यांनी आम्हाला त्यांचा नियम सांगितला. बाजारात, बसमध्ये, लग्नात पेशंट दिसला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्यानं दाखवली तर आपण हसायचं. नाही दाखवली, तर तो आपल्याला कधी भेटलाच नाही.

*

हा नियम नलिनीनं इतका मनावर घेतला, की तिचे सख्खे मामा वॉर्डातून घरी गेल्यावर आठवड्याभरात भाजीबाजारात समोर आले, तर ही वांगी निवडत पुढे निघून गेली!

मामांनी हाक मारली नाही. मामा मानी. तडक बहिणीकडे गेले. "अक्का, पोरगी शिकली, पांढरी टोपी आली, आता मामा दिसत नाही तिला!"

घरी रणकंदन. नलिनी म्हणाली, "पण मामा, तुम्हीच आधी ओळख दाखवायची असते!"

"मी मामा आहे तुझा!"

"बाजारात तुम्ही पेशंट होता."

मामा पुढे बरेच महिने तिला दुरून दिसले की हात वर करून ओरडायचे, "मी ओळख दाखवतोय गं!"

*

आता माझं. मला पाहायला धुळ्याची मंडळी अमळनेरला आमच्या घरी आली. मी मुळात कमी बोलते. आईला त्याचीच धास्ती. "विचारलं तर बोल गं बाई," असं सकाळपासून चाललेलं.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. नाना म्हणजे माझे होणारे सासरे, त्यांना दिली. मग सासूबाईंना दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बशीकडे पाहिलं.

नाना मोकळे. म्हणाले, "जळगावला असता का नोकरीला? आमच्या हिची मैत्रीण असते तिथं. मागे ही तिच्याकडे चांगली पंधरा-वीस दिवस राहून आली."

सासूबाई म्हणाल्या, "पोहे छान झालेत."

मग स्वयंपाक, शिवण, रांगोळी असलं काही त्यांनी विचारलं नाही. एकच विचारलं, तेही माझ्या आईला. "दवाखान्यातलं घरी येऊन काय काय सांगते ही?"

आई इतकी गडबडलेली, की पोटातलं खरं बाहेर आलं. "कुठलं काय हो! तोंडातून अक्षर काढत नाही. कधीकधी आम्हालाच शंका येते, ही दवाखान्यातच जाते ना!"

सगळे हसले. आईनं जीभ चावली. मंडळी गेल्यावर ती रडायचीच बाकी होती. "माझ्या तोंडानं सांगितलं, मुलगी घुमी आहे म्हणून!"

होकाराचा निरोप संध्याकाळीच आला. आईला अजून त्याचं कारण समजलेलं नाही. 

*

लग्नानंतर बदली धुळ्याला झाली. घरी आले की सासूबाई रोज विचारायच्या.

"आज कोण कोण होतं गं?"

"पेशंट होते, आई."

"कुठले?"

"इथलेच, आजूबाजूचे."

"काय झालं होतं?"

"बरे होतायत."

आमचे हे एकदा म्हणाले, "रेडिओच्या बातम्या निदान दहा मिनिटं चालतात!"

गल्लीतल्या बायका सासूबाईंना ऐकवायच्या, "नर्स सून आणली म्हणून काय उपयोग? काही कळत तर नाही!" मला वाटायचं, सासूबाईही मनातून हेच म्हणत असणार.

*

आणि मग फैजपूरहून आमच्या मावशी आल्या. सासूबाईंची धाकटी बहीण. केळीचा घड सोबत, आणि मुलाचं लग्न डोक्यात. धुळ्यातली एक मुलगी जवळजवळ ठरली होती. पण कुणीतरी कानात सांगितलं, की ती मुलगी मध्यंतरी दवाखान्यात होती. माझ्या वॉर्डात!

"काय झालं होतं तिला?" मावशींनी चहा हातात घेण्याआधीच विचारलं.

"मावशी, मी नाही सांगू शकत."

"घरातच सांगतेयस ना? मी काय पेपरात छापणार आहे?"

मी गप्प. काय झालं होतं ते तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या क्षणी माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, आणि ते बोलले असते तर मावशी खूष, मी खूष, कदाचित ती मुलगीही खूष. पण अहिरे सिस्टर सांगायच्या, चांगलं असलं तरी सांगायचं नाही. आज एकीबद्दल "काही नव्हतं हो" म्हणालात, की उद्या दुसरीच्या वेळी गप्प बसलात तरी लोकांना उत्तर मिळतं.

मावशींना मात्र माझ्या आजच्या गप्प बसण्यातूनच उत्तर मिळालं. "म्हणजे काहीतरी मोठं आहे! अक्का, कळलं मला. मोडते मी ही सोयरीक."

मुलीचं लग्न माझ्यामुळे मोडणार. मी म्हणाले, "मावशी, मी कुणाचंच सांगत नाही. उद्या तुम्ही वॉर्डात आलात, तर तुमचंही सांगणार नाही."

"मी कशाला येते तिथं मरायला!"

"काय झालं होतं ते त्या मुलीलाच विचारा ना."

"मुलीला? पाहुण्यांत बसून, तोंडावर?" मावशींनी सासूबाईंकडे पाहिलं. "अक्का, हिला काही वळण आहे का नाही?"

सासूबाई केळी सोलत होत्या. काही बोलल्या नाहीत. माझ्या बाजूनं नाही, मावशींच्या बाजूनंही नाही. मावशी चहा तसाच ठेवून शेवटच्या बसनं निघून गेल्या.

त्यांनी पुढे खरंच त्या मुलीला विचारलं. पाहुण्यांत बसून, तोंडावर. मुलगी म्हणाली, "सांगते की. पण आधी तुमच्या मुलाचं सांगा. त्याला आजवर काय काय झालं?"

मुलगा म्हणे दाराकडे बघायला लागला. मग दोघांचं दोघांनी सांगितलं. लग्न येत्या मोसमात आहे. मावशी आता सगळीकडे सांगतात, "सून तिखट आहे, पण खोटी नाही. मीच शोधली!"

*

पण हे नंतरचं. मावशी रागावून गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली.

उन्हाळ्याचे दिवस. सकाळीच सासूबाई आणि मी गच्चीवर बिबडे घालत होतो. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे मोठे पापड, ओल्या फडक्यावर थापायचे आणि खाटेवर उन्हात पसरायचे. त्या थापत होत्या, मी पसरत होते. आदल्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या. आज ऐकून घ्यायचं आहे, अशा तयारीनंच मी गच्चीवर आले होते. कदाचित नोकरी सोड म्हणतील. घरातल्या माणसांपेक्षा जिला पेशंट जवळचे, तिला घरी बसवलं तर कोण काय म्हणणार?

अर्धी खाट भरली. नाना खाली पेपर वाचत होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. सासूबाईंनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. मग हातातला गोळा थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"एक विचारू?"

"विचारा ना."

"अमळनेरला आम्ही तुला पाहायला आलो होतो. तू पोह्यांची बशी माझ्या हातात दिलीस. तेव्हा तू मला ओळखलं होतंस?"

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. बिबडा खाटेवर उलटा टाकला, फडकं हळूहळू सोडवलं.

"आपण आधी कुठं भेटलो होतो का, आई?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हाताला लागलेलं पीठ सुकायला लागलं होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "कुठं भेटणार! घे, तो कोपरा दुमडलाय बघ, सरळ कर."