बद्री झाला

वडवणीच्या आसपास एखाद्या कामाचा पार विचका झाला, याचं त्याला अन् त्याचं याला गेलं, की लोक म्हणतात, "बद्री झाला." ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर हा शब्द पार बेळगावापर्यंत पोचलाय. ज्याच्या नावावरून तो पडला, तो बद्रीनाथ मात्र गावातच राहतो आणि शब्द कानी आला की मान खाली घालतो.

त्या बिचाऱ्याचा गुन्हा तरी काय? टोळीची बिऱ्हाडं ट्रकात भरणं हे त्याचं काम. पिठाचे डबे, वाकळा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं असं रचायचा की रस्ताभर ताटली वाजायची नाही. एका साली कोल्हापूरचा आणि बेळगावचा असे दोन ट्रक एकदमच निघायचे होते. भुरभुर सुरू झाली. ताडपत्री एकाच ट्रकाला. लोकांचं पीठ भिजेल म्हणून यानं दोन्ही टोळ्यांचे डबे नि वाकळा ताडपत्रीखाली सरकवल्या. उघडीप पडली की वेगळं करू म्हणाला. तेवढ्यात ड्रायव्हरांनी घाई केली आणि ट्रक हलले. बेळगावची टोळी उसन्या पिठावर राहिली, थंडीत कुडकुडली. त्यांनी शिव्या घातल्या त्या घातल्याच, वर शब्दही करून ठेवला. भुरभुर कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

त्यानंतर बद्रीनाथला कुणी दोराला हात लावू दिला नाही. दसरा झाला की तो पारावर बसून दुसऱ्यांची ढिली बांधणी बघायचा आणि आतल्या आत तुटायचा.

यंदा लग्नानंतर पहिल्यांदाच त्याची लेक सुकन्या तोडीला निघाली. माहेरूनच ट्रकात बसणार होती. तिचं बिऱ्हाड तरी आपण बांधावं, एवढीच त्याची इच्छा. तो पुढं झाला तसा टोळीचा मुकादम हसत म्हणाला, "अप्पा, तुमी लांबच ऱ्हावा. सकाळी सकाळी बद्री नको."

सगळे हसले. जावई तानाजीही हसला. बद्रीनाथ मागं सरला.

सुकन्या ट्रकातून खाली उतरली.

"मुकादम, बद्री माझ्या बापाचं नाव हाय," ती म्हणाली. "घोळाला दुसरा शब्द हुडका. अन् अप्पा बांधणार नसतील तर माझं बिऱ्हाड बी उतरवा."

तानाजीनंच ओशाळून दोराचं टोक सासऱ्याच्या हातात दिलं. बद्रीनाथ ट्रकावर चढला आणि त्यानं लेकीच्याच नव्हे, सगळ्यांच्या गाठी सोडून पुन्हा आवळल्या. मुकादम उन्हात उभा राहिला, पण घाई करा म्हणाला नाही.